फेरीच्या तिकिटातले छुपे चार्जेस आणि 'पाच युक्त्यां'चा तो मेसेज

"फेरी बुक करताना लूट टाळण्याच्या पाच युक्त्या" हा मेसेज बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. (फेरी म्हणजे समुद्रातून माणसं आणि गाड्या नेणारी बोट.) असले मेसेज मी वाचून सोडून देते. पण काल मावसबहिणीने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, "मग बाळाचं नाव बुकिंगमधून काढून टाकू का?" ती, तिचा नवरा आणि वर्षही न झालेलं बाळ गाडी घेऊन रात्रीच्या फेरीने जाणार आहेत. तिच्यासारखे आणखी कितीजण हाच विचार करत असतील, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

ज्यांच्यापर्यंत मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी त्यातले पाच दावे थोडक्यात सांगते. एक, स्क्रीनवर पहिल्यांदा दिसतो तोच कायदेशीर दर. जगभर तसा कायदा आहे, त्यामुळे धक्क्यावर स्क्रीनशॉट दाखवा आणि तेवढेच पैसे द्या. दोन, तान्ह्या मुलांना तिकीट नसतं, मग त्यांची नावं टाकूच नका, नाहीतर पाळण्याचे आणि केबिनचे जादा पैसे लागतात. तीन, गाडीची लांबी-उंची कमी टाका, तिथे कोणी मोजत नाही. चार, इंधन अधिभार आणि पर्यावरण अधिभार हे कंपन्यांनी मनानेच उकळायला काढलेले पैसे आहेत. पाच, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीतून, म्हणजे साइटला तुमचे आधीचे शोध ओळखता येऊ नयेत अशा खिडकीतून, बुक करा, दर निम्म्यावर येतो.

सुरुवात दुसऱ्या दाव्यापासूनच करते, कारण बाकीच्यांत बहुतेक पैसेच जातील, इथे जीव जाऊ शकतो.

समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षेचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास. टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 साली त्याची पहिली आवृत्ती झाली, आज लागू आहे ती 1974 ची, वेळोवेळी सुधारलेली. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातला 27 वा नियम प्रवासी जहाजांवरच्या माणसांच्या नोंदीचा आहे. जहाज निघण्यापूर्वी त्यावरच्या सगळ्या माणसांची मोजणी झालीच पाहिजे. त्यांची नावं, स्त्री की पुरुष, आणि प्रौढ, मूल की तान्हं बाळ हे वेगवेगळं नोंदवलं गेलं पाहिजे. ही यादी किनाऱ्यावर ठेवायची, म्हणजे काही झालं तर शोध आणि बचाव करणाऱ्यांच्या हाती ती लगेच पडेल. नावांची ही नोंद 1999 पासून बंधनकारक आहे. सोलास मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना लागू होतो. युरोपीय संघाने 1998 च्या निर्देशाने तशीच शिस्त देशांतर्गत फेऱ्यांनाही लावली.

आता मेसेजमधलं अर्धसत्य. सोलासच्या व्याख्येत एक वर्षाखालचं मूल 'प्रवासी' धरलं जात नाही, हे खरं आहे. बहुतेक कंपन्या तान्ह्या बाळाचं भाडं घेत नाहीत, हेही खरं. पण 27 वा नियम 'प्रवाशां'ची नाही, जहाजावरच्या सगळ्या माणसांची मोजणी करायला सांगतो, आणि तान्ह्यांचा उल्लेख त्यात वेगळा केलेला आहे. बाळाला तिकीट लागत नाही म्हणून त्याची नोंदही लागत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या मनाने ठरवलेलं आहे.

ही नोंद नुसती वहीत पडून राहत नाही. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी लाइफजॅकेट वेगळं असतं. मोठ्यांच्या जॅकेटमधून बाळ सरळ निसटेल. चोवीस तासांपेक्षा कमी प्रवासाच्या प्रवासी जहाजावर अशी जॅकेटं एकूण प्रवाशांच्या किमान 2.5 टक्के ठेवावी लागतात. त्याहून लांबच्या प्रवासात मात्र जहाजावरच्या प्रत्येक बाळासाठी एक. तुम्ही बाळ लपवलंत, तर त्या हिशेबात ते येणार कसं? आणि अपघात झालाच, तर यादीतली सगळी माणसं सापडल्यावर शोध थांबवला जाऊ शकतो. यादीत नसलेल्या बाळाला शोधायचंय हे वाचवणाऱ्यांना कोण सांगणार?

हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. 26 सप्टेंबर 2002 च्या रात्री सेनेगलची 'ल जोला' ही फेरी गांबियाजवळच्या समुद्रात उलटली. तिची क्षमता सुमारे 580 माणसांची होती. तिकीट काढलेले प्रवासीच हजाराच्या वर होते. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नव्हतं आणि कित्येकांना तसंच फुकट चढू दिलेलं होतं. मृतांचा आकडा 1,800 च्या पुढे गेला, वाचले फक्त 64. जहाजावर नेमकी किती माणसं होती, हे आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही. बिनतिकीट म्हणजे बिननोंद, हा प्रकार पुढे कुठे जातो ते यावरून दिसतं. पाळण्याचे थोडे पैसे वाचवण्यासाठी हा सल्ला लोकांना देणाऱ्याची मला खरोखर चीड येते.

मावसबहिणीला, म्हणजे ताईला, मी एवढंच सांगितलं: बाळाचं नाव, जन्मतारीख, सगळं भर. पाळणा नको असेल तर तो पर्याय घेऊ नकोस. नाव भरणं आणि पाळणा घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेबसाइट दुसरी पहिलीला चिकटवत असेल तर कंपनीला फोन करून ती काढून घे.

तिसरा दावाही याच जातीचा. गाडी नेणाऱ्या फेरीवर तुम्ही विकत घेता ती डेकवरची जागा. डेकवर गाड्यांच्या रांगा लावतात आणि त्या रांगांची मीटरमध्ये मोजलेली लांबी विकली जाते. म्हणून मागे लावलेला सायकलचा स्टँड आणि गाडीची जोड-ट्रॉली लांबीत धरावीच लागते. उंचीचं कारण वेगळं आहे. बऱ्याच जहाजांवर मुख्य डेकच्या वर खाली-वर करता येणारा कमी उंचीचा डेक असतो. ठेंगण्या गाड्या तिथे जातात, उंच गाड्यांना ट्रकच्या डेकवर जागा द्यावी लागते, आणि ती मोजकी आणि महाग असते. टपावर सामानाची पेटी बांधली की तीच गाडी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. इथे अनेकांना 'छुपा चार्ज' लागतो, कारण बुकिंग करताना गाडीच्या पुस्तकातली उंची टाकलेली असते आणि पेटी विसरलेली असते.

"कोणी मोजत नाही" हे तर साफ खोटं. बऱ्याच टर्मिनलवर चेक-इनच्या रांगेत उंचीची चौकट असते, शंका आली तर कर्मचारी टेप घेऊन येतात. फरक निघाला की तो त्या दिवसाच्या दराने भरावा लागतो, आणि हा दर आगाऊ बुकिंगपेक्षा सहसा जास्तच असतो. उंच गाड्यांची जागा भरलेली असेल तर तुमची गाडी पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर उभी. कंपनीला दोष देता येणार नाही, कारण खोटा आकडा तुम्ही भरलेला असतो. मेसेजमध्ये वजनाचा उल्लेख नाही, पण हीच युक्ती कोणी वजनालाही लावली तर ते याहून वाईट. कुठली गाडी कुठे उभी करायची हे जहाजाचा तोल बघून ठरवतात. दक्षिण कोरियाची 'सेवोल' 2014 मध्ये बुडाली, 304 माणसं गेली, आणि कारणांमध्ये मर्यादेच्या कितीतरी वर भरलेला, धड न बांधलेला माल होता. एका गाडीने जहाज बुडत नाही, मान्य. पण हा मेसेज एकाला पाठवलेला नाही, हजारोंना पाठवलेला आहे.

आता पहिला दावा. इथे मला नाखुशीने अर्धं मान्य करावं लागतंय, कारण ज्या संतापातून मेसेज लिहिला गेला तो संताप खोटा नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक आकडा आणि त्याच्या आधी बारीक 'पासून'. तो आकडा एका माणसाचा, एकमार्गी, सर्वांत रिकाम्या दिवसाचा, बिनगाडीचा. पुढच्या पानावर गाडी येते. मग रात्रीची फेरी असेल तर केबिन किंवा आरामखुर्ची. काही मार्गांवर रात्री यातलं एक घ्यावंच लागतं. त्यानंतर बंदर शुल्क, मग तारीख बदलण्याची मुभा देणारं महागडं तिकीट, तेही आधीच निवडलेलं. मग एसएमएसचे पैसे. तुम्ही मधल्या एजंटाच्या साइटवर असाल तर त्याचं बुकिंग शुल्क, आणि तेही कार्डाचा नंबर भरताना. इतकी माहिती भरून झाल्यावर माणूस कंटाळून 'पैसे भरा' दाबतो, आणि ही पानांची रचना त्याच कंटाळ्यावर बेतलेली आहे. ही फसवणूकच आहे, आणि ती करणाऱ्यांची बाजू घ्यायला मी बसलेले नाही.

पण "जगभर कायदा आहे" हे खोटं. ब्रिटनने 2024 च्या कायद्याने टाळता न येणारी सगळी शुल्कं सुरुवातीच्याच दरात दाखवणं बंधनकारक केलं, ते 6 एप्रिल 2025 पासून लागू झालं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यातही एकत्रित किंमत दाखवण्याचं कलम आहे. अमेरिकेत मे 2025 पासून लागू झालेला संघीय नियम मात्र कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता आणि अल्पमुदतीच्या निवासापुरता आहे. फेरी त्यात येत नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या ऑनलाइन रचनांचे 13 प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, आणि किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं व न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हे दोन्ही त्या यादीत आहेत.

जिथे कायदा आहे तिथेही पहिला आकडा दाखवून बोटीवर चढता येत नाही. कायदा मोडला म्हणून कंपनीला दंड होऊ शकतो, तुम्हाला परतावा मिळू शकतो. पण तो तक्रारीने मिळेल, गेटवरच्या मुलाशी भांडून नाही. त्याच्या हातात दर बदलण्याचा अधिकारच नसतो, आणि तुम्ही वाद घालेपर्यंत जहाजाचं दार बंद होतं. स्क्रीनशॉट काढा, जरूर काढा. पहिल्या पानाचा, प्रत्येक टप्प्याचा आणि शेवटच्या बेरजेचा, तारीख-वेळ दिसेल असा. तो तक्रारीला जोडायचा.

अधिभारांबद्दल फार लिहीत नाही. ते हवेतून आलेले नाहीत. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा जगभर 0.5 टक्के झाली, काही समुद्रांत ती 2015 पासूनच 0.1 टक्के आहे, आणि असं इंधन महाग पडतं. युरोपात 2024 पासून 5,000 ग्रॉस टन (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना हवेत सोडलेल्या कार्बनसाठी परवाने विकत घ्यावे लागतात: 2024 च्या उत्सर्जनापैकी 40 टक्क्यांसाठी, 2025 च्या 70 टक्क्यांसाठी, 2026 पासून पूर्ण. खर्च खरा आहे. मात्र तो खर्च कंपनीला आधीपासून माहीत असतो, त्यामुळे तो शेवटच्या पानावर वेगळी ओळ करून दाखवायला कसलंही कारण नाही. तेवढ्यापुरता मेसेजवाला बरोबर.

इन्कॉग्निटोने दर निम्म्यावर येतो? नाही. फेरीचे दर सहसा टप्प्यांनी ठरतात. स्वस्त टप्प्यातल्या जागा संपल्या की पुढचा दर दिसतो, म्हणून सकाळी पाहिलेला आकडा संध्याकाळी वाढलेला असतो. ज्याला पटत नाही त्याने एकाच वेळी दोन फोनवर तीच फेरी, तेवढेच प्रवासी, तीच गाडी टाकून बघावी. दोन मिनिटांत कळेल.

आणि ज्या गोष्टींनी खरंच पैसे वाचतात त्या या मेसेजमध्ये नाहीतच. युरोपीय संघात 2014 पासून नियम आहे की जादा सेवेसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. आधीच टिक केलेल्या चौकोनातून घेतलेले पैसे परत मागता येतात, आणि प्रवासी वाहतुकीलाही हे कलम लागू आहे. तिथेच 2018 पासून सामान्य ग्राहकाच्या नेहमीच्या डेबिट-क्रेडिट कार्डावर वेगळं शुल्क लावायला बंदी आहे. 'फेरी रद्द झाली तर पैसे बुडतील' म्हणून जे संरक्षण विकतात, ते घेण्याआधी युरोपचा 2010 सालचा सागरी प्रवाशांच्या हक्कांचा नियम, क्रमांक 1177, बघा. फेरी रद्द झाली किंवा सुटायला 90 मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर दुसऱ्या मार्गाने पोहोचवणं किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. वादळामुळे रद्द झाली तरी हा हक्क राहतो. जातो तो उशिराच्या भरपाईचा आणि रात्री थांबावं लागलं तर मोफत निवासाचा. म्हणजे कंपनीने फेरी रद्द केली तर जे तसंही मिळणार, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. तुमचं स्वतःचं जाणं रद्द होण्याची शक्यता असेल, तरच ते संरक्षण घ्या. ताईच्या बुकिंगमध्ये ते आपोआप निवडलेलं होतं. तिने ते काढलं आणि बाळाचं नाव भरलं.