मिलिमीटर जुळवत बसू नका : त्या लेन्सवाल्या फॉरवर्डला उत्तर

गेले पंधरा दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या फोंड्यातल्या फोटोवाल्या मंडळींपैकी तिघांनी मला तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लेन्स घेताना मधला एकही मिलिमीटर (म्हणजे फोकल लेंथ, आकडा लहान तितकं जास्त मावतं, तेच वाइड, मोठा तितकं लांबचं जवळ येतं) सुटता कामा नये, तीच रेंज दोन लेन्समध्ये आली तर पैसे वाया, लँडस्केपला जितकं वाइड तितकं चांगलं, स्टँडर्ड, म्हणजे रोजच्या वापराची झूम घ्यायची तर २४-७० एफ २.८ च (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), आणि हा सेट कुठल्याही कॅमेरा बॉडीला चालतो. म्हणून १४-२४, २४-७०, ७०-२०० घ्या आणि निवांत व्हा. मावसभावाने वाचून १४-२४ चे भावपण काढले, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं ते गॅपचं. मिलिमीटर म्हणजे कापडाची पट्टी नव्हे, कुठूनही मोजा तेवढीच भरायला. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर, १६ वरून २४ ला या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कोन १०७ अंशांवरून ८४ वर येतो, २३ अंश गेले. तेच ८ मिलिमीटर ६२ ते ७० मध्ये मोजा, फरक जेमतेम ४ अंश. म्हणजे खालच्या बाजूला दोन-चार मिलिमीटरसाठी भांडायला अर्थ आहे, वरच्या बाजूला नाही. आणि वरची फट भरायला तुमच्याकडे क्रॉप, म्हणजे फोटो कापणं, आहेच की. ४० ला काढलेला फोटो ५० एवढा कापला तर २४ मेगापिक्सेलमधले १५ उरतात, ३५ वरून ५० एवढा कापला तरी १२ च्या आसपास, अल्बमचं पान त्यात आरामात निघतं. ३५ ते ७० सगळंच मोकळं ठेवलंत तर मात्र ७० पर्यंत कापताना ६ च उरतात, तिथे मी पण विचार करीन. पण २८ ला काढलेल्या फोटोतून २४ कुठून आणणार? पॅनोरमा जोडा म्हणतात लोक. रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या (आमच्या गोव्यातल्या होळीच्या) मिरवणुकीत, नाचणाऱ्या माणसांचा जोडून दाखवा, मग बोलू.

आता 'तीच रेंज दोनदा म्हणजे पैसे वाया', हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना आणि माझा राग पण यावरच जास्त आहे, कारण मी एकेकाळी हे ऐकून फसलोय. १४-२४ आणि २४-७०, कागदावर बघा कसं टाइल्ससारखं फिट्ट बसतं. पण सांधा नेमका २४ वर आला. आता मंगेशीच्या देवळाच्या अंगणात उभे राहा, सात मजली दीपस्तंभ अख्खा हवा तर मी २० च्या आसपास असतो, लगेच वळून पायरीवर बसलेली आजी हवी तर ३५. परत दीपस्तंभ, परत माणसं. दर दोन मिनिटांनी लेन्स काढा-घाला, आणि जुलै असेल तर एका हातात छत्री. शिगम्याला तर मी अशीच भर मिरवणुकीत लेन्स बदलली, मागून ढोल-ताशा, वरून गुलाल, घरी येऊन बघतो तर सेन्सरवर लाल ठिपके. साफ करायचे पैसे गेले ते गेले, वर दुकानवाल्याने विचारलं की कॅमेऱ्याने पण शिगमो खेळलात काय.

१६-३५ लावली असती तर ती लेन्स उतरलीच नसती. १६-३५ आणि २४-७० मध्ये २४ ते ३५ दोन्हीकडे येतं, त्यालाच हे वाया म्हणतात. अरे, देऊळ, अंगण, मिरवणूक, घरातली गणेश चवथ, आपले अर्धे फोटो तिथेच तर निघतात! तिथे तुमच्या हातात कुठलीही लेन्स असली तरी काम चालतं, त्याचेच पैसे दिलेत तुम्ही. सांधा कुठेतरी येणारच, तो आपण क्वचित उभे राहतो तिथे यावा एवढंच बघायचं. कंपन्यांना पण हे कळलेलं दिसतंय, पॅनासॉनिकने २०२० मध्ये २०-६० काढली, सोनीने २०२३ मध्ये २०-७० एफ ४. या दोन्हींत वरची बाजू ताणली नाही, खालून मात्र २४ चे २० केले. पणजीतल्या फोंतांइन्हासच्या गल्लीत, पाठ भिंतीला टेकलेली आणि समोरची बाल्कनी अर्धीच येतेय, तेव्हा ते चार मिलिमीटर काय असतात ते समजतं. (तिथे लोक राहतात हां, विचारून काढा फोटो.)

आपला सांधा कुठे यावा हे फॉरवर्डला विचारू नका, स्वतःच्या फोटोंना विचारा. लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी फिल्टरला मेटाडेटात (फोटोसोबत साठलेल्या माहितीत) फोकल लेंथचा कॉलम लावता येतो, वर्षभराच्या फोटोंवर लावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, टोकाला साचलेला ढीग फसवतो. २४-७० च्या २४ वर भरमसाट फोटो दिसले म्हणजे तुम्हाला २४ आवडतं असं नाही, बऱ्याचदा तुम्ही आणखी मागे जायला बघत होता आणि लेन्स तिथे संपली.

'लँडस्केपला जितकं वाइड तितकं चांगलं.' दूधसागर धबधबा ३१० मीटर उंच आहे, लांबून १४ ला घ्या आणि बघा, हिरव्या चादरीवर सांडलेल्या दुधाची रेघ दिसते. वाइड लेन्स लांबचं सगळं बारीक करते, ती चालते कधी, तर अगदी पायाशी काहीतरी दांडगं असेल तर, वागातोरच्या किनाऱ्यावरचे काळे खडक वगैरे. सह्याद्रीच्या रांगा तर मी ७० च्या पुढेच काढतो. आणि माणसं असतील तर अजून पंचाईत. साधी वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते, त्याची किंमत कोपऱ्यातल्या गोल वस्तू मोजतात, १६ ला अगदी कोपऱ्यातलं डोकं लांबीत १.७ पट ओढलं जातं, २४ ला १.३ पट, ३५ ला १.२ च्या आत. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या काकूंना हे गणित समजावून सांगायची हिंमत असेल तर खुशाल १६ लावा. माटोळीचं (चवथीला गणपतीवर फळं-वेली टांगतात ती चौकट) पण तेच, छोट्या खोलीत अख्खी माटोळी घ्यायला वाइड लागतेच, पण कोपऱ्यातला नारळ पपईसारखा दिसतो. मी १८-२० वर थांबतो आणि दारातून एक पाऊल मागे जातो.

एफ २.८ बद्दल फार भांडत नाही. एफ ४ पेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ३२०० च्या जागी १६०० चालेल, बस्स. जत्रेतलं रात्रीचं नाटक काढता, स्टेजवर मोजून दोन लाइट असतात, तर घ्याच २.८. बाकी दिवसा, ट्रायपॉडवर, अंगणात एफ ४ ला काय धाड भरलीय? सोनीची २४-७० एफ २.८, ती पण नवी हलकी झालेली, ६९५ ग्रॅम आहे आणि २०-७० एफ ४ आहे ४८८. सकाळी सातपासून पालखीमागे चालल्यावर दुपारी हे दोनशे ग्रॅम खांद्याला बरोबर मोजता येतात.

राहिलं 'कुठल्याही बॉडीला चालतो'. हे तर धडधडीत चूक आहे. क्रॉप बॉडीवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, लेन्सचा आकडा निकॉन, सोनी, फुजीला दीडपट, कॅननला १.६ पट धरा. दीडपटीला २४-७० होते ३६-१०५, वाइड साफ गेलं. १४-२४ होते २१-३६, एवढी जड, महाग लेन्स आणि हातात काय, तर साधं वाइड. क्रॉपवर स्टँडर्ड म्हणजे १६-५० किंवा १८-५५, आणि त्यात पण १६ वाली बघा, १६ म्हणजे २४ आणि १८ म्हणजे २७. खरी वाइड हवी तर १०-१८, १०-२० अशा जातीची.

आणि मावसभावाकडे क्रॉपच आहे! सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. त्याला म्हटलं आधी तो कॉलम लाव, तर रात्री स्क्रीनशॉट आला, १८ वर हा एवढा ढीग. त्यातले कितीतरी फोटो घरातले, चवथीचे, दारातून काढलेले. आता माझी जुनी १०-२० त्याच्याकडे देतोय, चवथीला माटोळीखाली उभा राहून काढू दे, १० वर किती वेळ टिकतो आणि १६ वर किती, ते बघून मग ठरवू काय घ्यायचं ते. १४-२४ चे भाव तोपर्यंत काही पळून जात नाहीत.