त्या ‘फिट टू पेज’च्या बैलाला!

काल संध्याकाळी तपोवन मैदानावर, फुटबॉल खेळणारी वीसेक पोरं आणि वजन कमी करायला निघालेली निम्मी कॉलनी बघत असताना माझं कागदाचं रॉकेट ‘फुस्स’ करून पाईपावरनं हातभर वर उठलं, आडवं झालं आणि माझ्याच चपलेवर येऊन पडलं. एक आजोबा चालायचे थांबले. चष्मा वर सरकवून म्हणाले, “मिरची हाय व्हय ती?”

मिरची नव्हे, गाजर आहे! निदान अमेरिकेतल्या ज्या कुणी तो नमुना काढला त्याच्या डोक्यात तरी गाजर होतं. टोकदार नाक पुढं, जाड बुडखा मागं आणि बुडख्याला चार हिरवी पानं, तेच त्याचे पंख. छापा, कापा, दुमडा, चिकटवा, उडवा. स्क्रीनवर नारिंगी रंग इतका झकास दिसत होता की पोरीनं बघताक्षणी हट्ट धरला. त्या नारिंगीचं प्रिंटच्या दुकानात जाऊन संकेश्वरी मिरचीसारखं लालभडक का झालं, असं विचारलं तर उत्तर काय, “काका, पिवळं संपत आलंय. पण दिसतंय की भारी.” बरं. कोल्हापुरात गाजर मागितलं तरी मिरचीच मिळायची, हे एक वेळ मी समजून घेतो. मी रंगावरनं भांडत नाही. मापावरनं भांडतो.

सात पानं. रंगीत, जाड कागदावर, पानाला वीस रुपये. गेल्याच्या गेल्या शनिवारी त्या दुकानात काउंटरला टेकून मी एकच गोष्ट तीनदा सांगितली, “शंभर टक्क्यांवर काढ. अ‍ॅक्च्युअल साईज. फिट टू पेज करू नकोस.” तीनदा! चौथ्यांदा चिठ्ठीवर लिहून दिलं. तो मोबाईल कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरून कुणाशी तरी रविवारच्या मटणाचं ठरवत होता, “पांढऱ्याला नारळ जरा जास्त घाल म्हणावं,” आणि माझ्याकडं बघून मान हलवत होता. मान हलली म्हणजे कळलं, असं मी धरून चाललो. ती मान पांढऱ्या रश्श्यासाठी हलत होती, हे मला चार दिवसांनी कळलं.

पानं घेऊन घरी आलो आणि तीन संध्याकाळी त्यात घातल्या. संपलेल्या रिफिलीनं प्रत्येक दुमडीवर रेघ ओढून घेतली, कारण जाड कागद तसाच दुमडला की टोनर तडकतो आणि दुमडीवर पांढरी शीर उमटते. आतली नळी झाडूच्या दांड्यावर गोल केली, कागदाचा ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, बघून, नाहीतर नळीला चुण्या पडतात. चिकटवायच्या कडा तीन-तीन मिलिमीटरच्या. गोंद जास्त झाला की कागद पापडासारखा फुगतो, कमी झाला की उलतो. त्यात पंखा लावला तर पानं उडून कॉटखाली, बंद केला तर मे महिन्याचा घाम टपाटप गाजरावर. कात्री म्हणाल तर आमच्या घरी कात्री एकच, आणि ती दुधाच्या पिशव्या कापून कापून अशी झालीय की तिच्यानं आता दूधच कापलं जातं.

एवढं करून, हवा मारून रॉकेट उडवायच्या पाईपावर नळी बसेना.

अर्ध्या इंची पाईप, बाहेरनं २१.३ मिलिमीटर, मी स्वतः व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर, लावलेला. नळी आतनं २१.८ यायला पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक, म्हणजे सुळकन बसली पाहिजे आणि हवाही फार सुटता कामा नये. फिरवून बघितलं, फुंकून बघितलं, आईनं सुचवलं म्हणून पाईपाला पावडर लावून बघितली. शेवटी जरा जोर केला, तर सांध्यातनं टर्रकन करंगळीएवढी उसवली. मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यातली ती बारीक रेघ आठवली, ‘छापल्यावर ही रेघ १०० मिलिमीटर भरली पाहिजे.’ पट्टी लावली. सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव! अमेरिकेचा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१०. ‘फिट टू पेज’ म्हटलं की प्रिंटर ते २१६ मुटकून २१० मध्ये कोंबतो आणि तुमचं गाजर तीन टक्के वाळतं. २१.८ची नळी होते २१.१ची. ती २१.३च्या पाईपावर चढवणं म्हणजे म्हशीला शाळेचा गणवेश घालणं. आणि त्या अमेरिकनांना तरी काय धाड भरलीय? जर्मनांनी १९२२ साली कागदाची मापं ठरवली, बहुतेक जगानं ती मुकाट घेतली. ह्यांचं आपलं वेगळंच. कागदाची जाडी काय लिहिलीय, तर ‘११० पौंड’. कागद आहे का खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरलेलं पन्नास किलोचं पोर? त्याचा अर्थ आपला साधारण २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, हे शोधायला माझी एक रात्र गेली. आणि दुकानात २०० मागितला तर, “लग्नपत्रिकेचा ग्लॉसी आहे, देऊ?” ग्लॉसीवर गोंद धरत नाही रे राजा, तुझ्या लग्नात वापर.

परत गेलो. पानं काउंटरवर आपटली. तो शांत.

“फिटच असतंय काका. नाहीतर कडा कापत्यात.”

“काप की मग! कडेला कायबी नाही!”

“आम्ही आधार कार्डबी असंच काढतो. कोण काय म्हणत नाही.”

आधार कार्ड उडवायचं नसतं रे बाबा!

“एवढं तेवढं चालतंय की, काका.”

झालं. ह्या वाक्यानं माझ्या डोक्यातला जाळ अन् धूर संगटच निघतो. ‘चालतंय की.’ ह्याच वाक्यावर दिवाळीची पँट घोट्याच्या वर शिवून मिळालीय मला, वर “धुतल्यावर उतरती की” असं ऐकवून. धुतल्यावर कापड उतरत नाही, वर चढतं, हे शिंप्याला मी सांगायचं. ह्याच वाक्यावर सुतारानं ओट्याखालचा ड्रॉवर बसवला, जो तीन वर्षं झाली पायानं उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. आमच्या गल्लीत गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा दोन इंच वर आहे. का? चालतंय की. ऑनलाइन फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत पाहिजे, तो केला तर म्हणतंय २० केबीच्या वर पाहिजे. तिथं मात्र नाही चालत. तिथं मेलं सगळं मापात पाहिजे.

आणि हे मला ऐकवतायत! मी उद्यमनगरात इन्स्पेक्शनला आहे. बावीस वर्षं. खिशात पेन नसेल पण व्हर्नियर असतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नच, म्हणजे साचा पाडायचा नमुनाच, तेवढा मोठा करायचा असतो. मिस्त्रीकडं त्यासाठी खास पट्टी असते, जिच्यावरचे मिलिमीटरच मुळात थोराड. वितळलेलं लोखंड माझं ऐकतं. ए-फोर कागद ऐकत नाही.

आता ह्यात सल्लागारांची भर. मैदानावर, गच्चीवर, जिन्यात, जो भेटेल तो, “आत दारू भरा की! दिवाळीचं रॉकेट कापून बसवा!” हात गमवायची एवढी घाई असेल तर स्वतःच्या घरी कर म्हणावं. तिकडं अमेरिकेत खेळण्याच्या रॉकेटांची तयार इंजिनं मिळतात, १८ मिलिमीटर जाड, ७० लांब, आत ठासलेली काळी दारू, किती सेकंदांनी पॅराशूट उघडायचं ते वर छापलेलं. इकडं ते मागवायला गेलं की स्फोटक पदार्थ, आणि कायदा १८८४चा, राणीच्या काळातला. म्हणून आपली हवा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, पाईप, आणि बाटलीवर उडी मारायला पाचवीतली पोरगी. “पप्पा, मी मारतो उडी, तुम्ही नको, बाटली फुटंल,” असं ती म्हणाली. वजनावर आली. असो.

त्या आधी झोका चाचणी. रॉकेटचा तोल जिथं सांभाळतो तिथं दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढं धरून फिरलं तर सरळ उडेल, शेपूट पुढं आलं तर भिरभिरत जाईल. गाजराचं शेपूट पुढं आलं. म्हणजे नाक जड करायला पाहिजे, हवेचा दाब जिथं एकवटतो त्या बिंदूपेक्षा गुरुत्वमध्य निदान रॉकेटच्या एका जाडीएवढा पुढं पाहिजे. गेल्या गणपतीतली शाडू डब्यात उरली होती, तिचा गोळा नाकात बसवला आणि गच्चीवर परत गरागरा. समोरच्या काकी वाळवणं राखत बसलेल्या. दहा मिनिटं बघत होत्या. मग आईला हाक मारून विचारलं, “बाहेरचं कायतरी हाय का हो त्यांना?”

हं, तर काल.

आता कबूल करायची वेळ आली. दुकानदार सुधारायचा नाही हे मी मान्य केलं आणि ठरवलं, पॅटर्नला देतो तशी सूट द्यायची. कॉम्प्युटरवर कागदाचा आकार तोच ठेवला आणि आतली चित्रं तेवढी तीन टक्के फुगवली. तू सत्त्याण्णव करणार ना? कर. मी एकशेतीन देतो. गुणाकार केला, ९९.९१. इतका आनंद मला पोरगी पहिली आली तेव्हा झाला नव्हता. पेनड्राईव्ह घेऊन, चेहऱ्यावर काही न दाखवता, दुकानात गेलो.

मालक मटण खाऊन झोपला होता. काउंटरला नवीन पोरगं. नम्र. मी काही बोललो नाही, मुद्दामच. त्यानं भिंतीवर चिकटवलेली माझीच जुनी चिठ्ठी वाचली, “काका तुम्हीच न्हवं ते शंभर टक्केवाले? मालकानं सांगून ठेवलंय, ते आले की अ‍ॅक्च्युअल साईज.” आणि काढलं की त्यानं. अगदी शंभर टक्क्यांवर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं, ते नेमकं त्या दिवशी.

आणि मी? मी घरी येऊन ती रेघ मोजली का? नाही मोजली. बावीस वर्षांत पहिला नग तपासल्याशिवाय लॉट पुढं सोडला नाही, कामगारांची हजेरी घेतलीय त्यावरनं, आणि स्वतःच्या गाजराला पट्टी लावली नाही. कारण गणित बरोबर होतं! दोन रात्री परत कापाकापी. नळी पाईपावर सुळकन बसली. जरा जास्तच सुळकन. साडेबावीसची नळी, २१.३चा पाईप. मैदानावर पोरीनं जीव खाऊन उडी मारली आणि सगळी हवा त्या फटीतनं खाली, माझ्या पायजम्यात.

फुटबॉलवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच उकिडवा बसून व्हर्नियर काढला आणि पोरीला मोकळीक म्हणजे काय ते समजावायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिनं बॅटचा दांडा गुंडाळायला आणलेली काळी चिकटपट्टी एका पोराकडनं मागून घेतली, पाईपाला तीन वेढे मारले, वर गाजर खोचलं, हलवून बघितलं.

“चालतंय की पप्पा.”

पोटची पोर.

उडी मारली. काय सांगू! सप्पकन गेलं. तीन मजली इमारतीच्या वर, सरळ, नाक पुढं, चारी पानं मागं, शाडूच्या गोळ्यासकट. ते आजोबा चालायचे परत थांबले. पोरांचा फुटबॉल थांबला. वर जाऊन एक क्षण थबकलं, वळलं, वळवाच्या आधी सुटतो तसा वारा सुटला, आणि तिरकं होत होत मैदानाच्या कडेच्या गुलमोहरात जाऊन बसलं.

मे महिना. गुलमोहर बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत लालभडक. आणि त्यात माझं लालभडक गाजर. अंधार पडेपर्यंत नऊ जण मान वर करून उभे होतो. नारिंगी असतं तर दिसलं असतं. आजोबा म्हणाले, “मिरचीच व्हती ती.”

आईनं हिशोब केलाय, १४० दुणे २८०, एवढ्यात हलवा झाला असता. पोरीनं परत सात पानं मागितलीत. दोन्ही फाईली पेनड्राईव्हवर टाकल्यात, शंभरची आणि एकशेतीनची, दुकानात कोण बसलंय ते बघून देईन. पण आधी फोन करून विचारणार आहे, पिवळं भरलंय का.