‘दहा मिनिटांत चष्मा कायमचा गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भरतीच्या जाहिराती निघाल्या किंवा लग्नसराई तोंडावर आली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: अठरा पूर्ण झाली की कुणीही लेसर करून घ्यावं, दहा मिनिटांचं काम, त्रास शून्य, चष्मा जन्मभरासाठी गेला आणि डोळा निरोगी झाला. माझं लेसरशी काही वाकडं नाही. योग्य डोळ्यावर झालेलं लेसिक, म्हणजे नंबर घालवण्याचं हेच लेसर ऑपरेशन, माणसाला खूश करतं. भांडण आहे ते त्या ‘कुणीही’शी.

‘अठरा पूर्ण झाली की कुणीही.’ अठरा ही फक्त खालची मर्यादा. नंबर निदान वर्षभर जागेवर थांबलेला हवा. वर्षात अर्ध्या नंबराहून जास्त सरकला असेल तर वाट बघायची. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हाही नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी डोळे कोरडे पडतात.

पण खरा निकाल लागतो तो कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवर. मधोमध त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. लेसिकमध्ये वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खालचा थर लेसरने झिजवतात. एका नंबरामागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात. आता उणे ७ नंबरची दोन माणसं घ्या. दोघांचे पापुद्र्यासह २०८ मायक्रॉन वजा झाले. ५४० वाल्याकडे ३३२ उरले, ४८० वाल्याकडे २७२. खाली किमान २५० उरायलाच हवेत, आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. नंबर तोच, पण एकाला होकार आणि दुसऱ्याला बहुधा नकार. मैत्रिणीचं झालं म्हणून माझंही होईल, हा हिशोब इथेच कोसळतो. नकार मिळालेल्याला पापुद्रा न उचलता करायची पीआरके किंवा डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स असे पर्याय असू शकतात, पण तेही तपासणीनंतरच ठरतात.

जाडी पुरेशी असूनही आकार दगा देतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो आणि सुरुवातीला नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत ते कळतही नाही. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांनी तर खास जपावं. अशा डोळ्यावर लेसर केलं तर तो आणखी ढासळतो. म्हणून टोपोग्राफी करतात: मशीनवर हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं, आणि पडद्यावर कॉर्नियाचा रंगीत नकाशा उमटतो. त्यात खालच्या बाजूला लाल-केशरी फुगवटा दिसला की पॅकेज कितीही स्वस्त असो, विषय बहुतेक वेळा तिथेच संपतो. सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या तपासणीआधी एक-दोन आठवडे त्या बंद ठेवायच्या असतात, हार्ड लेन्स त्याहून जास्त. नाहीतर नकाशाच चुकीचा येतो. सकाळी लेन्स काढायला लावून दुपारी ऑपरेशनची तारीख हातात देणाऱ्या ठिकाणाहून मी तरी उठून येईन.

आणि भरतीसाठीच धावपळ असेल तर जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदासाठी लेसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो.

‘त्रास शून्य.’ दहा मिनिटं हे खरं. पण पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात, म्हणून डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं रेंगाळतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) केलेल्या लेसिकच्या पाहणीत, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. दिव्याभोवती वलयं, चमक, दुहेरी दिसणं यांपैकी काहीच आधी नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तेव्हा यातलं एखादं तरी नव्याने दिसत होतं. रोजची कामं फारच जड जावीत इतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी जणांना होता, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. दोन्ही आकडे खरे. रात्री घाटातून गाडी चालवून ज्याचं पोट चालतं, त्याने पहिल्या आकड्यांकडे जास्त बघावं.

‘चष्मा जन्मभरासाठी गेला.’ चाळिशी कुणाला चुकत नाही, लेसर केलेल्यालाही. उलट उणे दीड-दोनवाला माणूस पंचेचाळिशीत चष्मा काढून आरामात पेपर वाचतो. त्याने आज दोन्ही डोळे शून्यावर आणले की ती फुकटची सोय गेली. एकेचाळिसाव्या वर्षी लेसरला निघालेल्याला हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. (‘मग डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात?’ या उलट्या मेसेजचंही बरंचसं उत्तर त्या डॉक्टरांच्या वयात असतं. लेसर करून घेतलेले नेत्रतज्ज्ञही भरपूर आहेत.)

‘डोळा निरोगी झाला.’ लेसर फक्त समोरच्या काचेला आकार देतं. उणे ८ चा डोळा मागे लांब असतो तो लांबच राहतो, आणि आतला ताणलेला पडदा (रेटिना) फाटण्याचा धोकाही तसाच राहतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी पुढेही करत राहावी लागते. शिवाय कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. म्हणून ऑपरेशनआधीची सगळी मोजमापं मागून घ्या आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर तीच मागतील.