व्याघ्रगडावर सव्वीस नग

वासोट्याला, म्हणजे व्याघ्रगड किल्ल्यावर जाताना सामान कमी घ्या, असं जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. का, ते कोणी सांगत नाही. मला वाटायचं, चढण आहे म्हणून. खरं कारण बामणोलीहून बोटीत बसून, तास-दीड तास कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी कापत पलीकडे मेट इंदवलीला उतरलं की कळतं. तिथे वनखात्याची चौकी आहे आणि चौकीसमोर तुमची सॅक उपडी होते.

"प्लास्टिकचं काय काय हाय, समदं भाईर काढा."

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा त्यातल्या कोयनेच्या बाजूला येतो. वर नेलेलं प्लास्टिक मोजून न्यायचं, मोजून परत आणायचं आणि तोवर अनामत ठेवायची. नियम सोन्यासारखा आहे. इतर किल्ल्यांवरचे बाटल्यांचे ढीग पाहिले की तर फारच पटतो. फक्त तो पाळताना घरातली लक्तरं वेशीवर टांगली जातात, एवढंच.

सौ.ने 'थोडासा खाऊ' घेतला होता. तो ताडपत्रीवर पसरल्यावर पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी आदराने जागा करून दिली. बाटल्या, बाकरवडीची पाकिटं, चिवडा, शिवाय पोळ्यांची पिशवी, चटणीची पिशवी आणि या पिशव्या ओल्या होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पिशव्या.

"पिशवीतली पिशवी एक नग धरायचा की दोन?" आमचे नाना बँकेतून निवृत्त झालेत. रजिस्टर दिसलं की त्यांच्या अंगात येतं.

"दोन," चौकीवरचे दादा म्हणाले. "आन् वैनी, त्या लिमलेटच्या गोळ्या?"

गोळ्याही मोजल्या. अंगभर हिरवे-तपकिरी ठिपके असलेले कपडे घालून आलेला माझा मेव्हणा तोवर हातभर लांबीची लेन्स पुसत होता. "वाघ दिसतो का हो इथे?"

"दिसतो की. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याला."

मेव्हणा नाउमेद झाला नाही. २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण आणून चांदोलीत सोडली, हे त्याने वाचलं होतं. ती एव्हाना इकडे यायला निघालेली असणार, असा त्याचा हिशेब. चौकीचा हिशेब त्याआधी पुरा झाला: सव्वीस नग. मी सही केली.

ओढ्याजवळचा मारुती-गणपती मागे पडला आणि जंगल सुरू झालं. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही असं जंगल. अशा ठिकाणी माणसाने कान टवकारावेत, मातीतले ठसे बघावेत. आम्ही एकमेकांचे खिसे बघत होतो. चिरंजीवांनी गोळी तोंडात टाकली की चार माणसं एकदम ओरडायची, "कागद!" एवढ्या आरड्याओरड्यात गवा, भेकर, अस्वल यांपैकी कोणीही थांबलं असतं तर त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी लागली असती. तरी एका वळणावर डोक्यावरची फांदी हलली. शेकरू! आपला राज्यप्राणी! तांबूस पाठ, झुपकेदार लांब शेपूट, दोन्ही हातांत धरलेलं कसलंसं फळ. मेव्हण्याने लेन्स उचलली आणि नेमका त्याच क्षणी नानांच्या हातून बाकरवडीचं पाकीट उतारावरून घरंगळलं. आम्ही सगळे पाकिटामागे धावलो. फोटोत एक उत्तम फांदी आली आहे.

माथ्यावर पोचेपर्यंत ढोपरं बोलायला लागली होती. बिनछपराचा मारुती, पाण्याचं टाकं आणि पुढे बाबूकडा, घोड्याच्या नालासारखा वळलेला, खाली बघवत नाही असा. नानांनी इतिहास सुरू केला. १६६१ साली राजापुरात पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना शिवाजी महाराजांनी इथे कैदेत ठेवलं होतं. पुढे पेशवाईत ताई तेलिणीने याच किल्ल्याच्या जोरावर पेशव्यांच्या सेनापतीला, बापू गोखल्यांना, कित्येक महिने झुंजवलं. ऐकायला मजा येत होती, पण सौ. मध्येच म्हणाली, "अहो, चटणीची वरची पिशवी कुठाय?" आणि पेशवाई तिथेच बुडाली. पिशवी नानांच्याच बुडाखाली सापडली.

पाचच्या आत खाली उतरायचं असतं. बोटवाला हाका मारत होता. दादांनी रजिस्टर उघडलं, आम्ही ऐवज ओतला. मोजणी झाली. पुन्हा झाली. मग नानांनी बँकेच्या पद्धतीने, अंगठा ओला करून केली.

"सत्तावीस."

"एक जास्त कसा?"

दादांनी दोन बोटांच्या चिमटीत नग उचलला. गुटख्याची पुडी.

"वाटेत पडली होती, मी उचलली," मेव्हणा म्हणाला. "स्वच्छतेसाठी."

दादांना पटलं. त्यांनी अनामत मोजून हातावर ठेवली. "जादाचं पैसं मिळत न्हाईत, पण चांगलं काम केलं तुमी." मलाही पटलं. सौ.ला पटलं नाही. तिने भावाकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि बोटीत त्याच्या बरोब्बर समोरची जागा धरली. बामणोली अजून तासभर लांब होती आणि मध्ये उतरायला कुठे थांबा नव्हता.