राष्ट्रगीताला उभं राहणारी मुलं आणि त्यांना कुणी न सांगितलेला हक्क

जुलै संपत आला की नागपुरातल्या शाळांच्या मैदानांवर १५ ऑगस्टचा सराव सुरू होतो. पाऊस उघडला की ऊन आणि उकाडा एकदमच येतात. त्यात मुलं पाऊण-एक तास रांगेत उभी, आणि दरवर्षी त्यातली काही चक्कर येऊन पडतात. कारण अगदी साधं आहे. बरीच मुलं सकाळी उपाशीपोटी आलेली असतात, आणि ‘सावधान’मध्ये गुडघे आवळून ताठ उभं राहिलं की पायांतलं रक्त वर यायला त्रास होतो. पोटऱ्यांची हालचाल झाली तरच ते नीट वर ढकललं जातं. हे ठाऊक असलेले पीटीचे सर मुलांना गुडघे किंचित सैल ठेवायला आणि बुटातल्या बुटात बोटं हलवायला सांगतात. बाकी ठिकाणी हललं की अपमान झाला, एवढंच मुलांच्या मनावर ठसतं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. देशाबद्दल मुलाला पहिल्यांदा काही शिकवतो ते त्याच्या शरीरातून, आणि ते असतं हलायचं नाही, विचारायचं नाही, सगळे करतात तेच करायचं. पहिलीतलं मूल ‘भारत’ म्हणजे काय हे समजण्याच्या आधी भारतासाठी गप्प उभं राहायला शिकतं.

रोजचा परिपाठ बघा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, २०२३पासून राज्यगीत, मग प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. वीस-पंचवीस मिनिटांत हे सगळं उरकायचं म्हटल्यावर प्रत्येक गोष्ट पाठांतरच होते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत संपायला हवं, पण माईकवरच्या मुलीने वरची पट्टी धरली की शेवटच्या ‘जय हे’ला निम्म्या मुलांचा आवाज पोहोचतच नाही. मागच्या रांगा पुढच्यांचं ऐकून म्हणतात, म्हणून अर्धा शब्द मागे पडतात. त्यावर रागावणं होतं. या गीतात कोणकोणत्या प्रदेशांची नावं आहेत, ती कुठे आहेत, हे नकाशावर दाखवणं मात्र क्वचित होतं.

प्रतिज्ञेचं तर आणखी वाईट वाटतं. १९६२मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली. विशाखापट्टणमला कोषागारात नोकरी करणारा हा माणूस. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली असते. तिच्यात ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असं वाक्य आहे. मुलं ते म्हणत असतानाच रांगेतून कुणीतरी छडी घेऊन फिरत असतं आणि हात नीट पुढे न धरलेल्याच्या पोटरीवर ती बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २०१०पासून शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली आहे. मूल प्रतिज्ञा विसरेल, ती छडी विसरणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते स्वच्छ सांगायला हवं, कारण पुष्कळ शिक्षकखोल्यांमध्ये तो माहीतच नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१चा. त्याचं तिसरं कलम राष्ट्रगीत गाण्यास मुद्दाम अडवणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतं. शांतपणे उभं राहून न गाणं हा त्यात गुन्हा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ला बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. दहावी, नववी आणि पाचवीतली तीन सख्खी भावंडं होती. यहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची. देवाच्या प्रार्थनेखेरीज दुसरं गीत असं म्हणणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, त्यामुळे राष्ट्रगीताला रोज आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. वर्षानुवर्षं कुणाला अडचण नव्हती. १९८५च्या जुलैमध्ये एक आमदार परिपाठाला हजर होते, त्यांच्या ते लक्षात आलं आणि विधानसभेत प्रश्न गेला. चौकशी आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने संविधानाच्या कलम १९ (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) आणि २५ (धर्माचं स्वातंत्र्य) यांच्या आधारे त्यांना परत घ्यायला लावलं. या निकालाला आता चाळीस वर्षं होत आली. आपल्या किती शाळांमध्ये मुलांना तो कुणी सांगितला आहे?

सरावात आणखी एक ठरलेला प्रकार असतो. चार मुलं समोर आणायची. एकाला टिळा, एकाला जाळीची टोपी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रॉस. मग घोषणा, हिंदू-मुस्लिम-सीख-ईसाई. वर्गातल्या मुस्लिम मुलाला दरवर्षी टोपीचंच काम मिळतं, म्हणजे एरवी फक्त वर्गमित्र असलेला मुलगा त्या दिवशी नमुना म्हणून उभा राहतो. आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातल्या बौद्ध मुलाला या चौघांत जागाच नसते. गोंड मुलालाही नाही. भारतमातेचं काम गोऱ्या मुलीला, झेंडा धरायचा मान पहिल्या नंबराच्या मुलाला. हे कुणी वाईट हेतूने करतं असं मी म्हणत नाही. पण देश कुणाचा याबद्दल मुलं जे शिकतात ते प्रतिज्ञेतून कमी आणि या वाटपातून जास्त शिकतात.

नागपूरकर म्हणून मला यात आणखी एका गोष्टीचं दुःख होतं. झेंड्यासाठी मोठा सत्याग्रह झाला तो आपल्याच गावात. १ मे १९२३पासून स्वयंसेवक छोट्या तुकड्या करून चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघत, कारण तिकडे झेंड्याची मिरवणूक न्यायला सरकारने मनाई केली होती. रोज अटक व्हायची, रोज नवी तुकडी निघायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी धुरा घेतली. १८ ऑगस्टला मिरवणूक शेवटी त्या रस्त्यावरून गेलीच. त्यातला प्रत्येक माणूस स्वतः ठरवून आला होता, परिणाम माहीत असताना आला होता. त्या झेंड्यासमोर आज आपण मुलांना जे शिकवतो त्यात ठरवणं कुठेच नाही.

लोक म्हणतील, लहानपणी रुजवलं नाही तर कधी रुजवणार? मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. शेकडो मुलं एका सुरात गातात तेव्हा त्यातून मिळणारी आपलेपणाची भावना खरी असते, आणि ज्याच्या घरी काही नाही त्या मुलालाही त्या क्षणी हे सगळं आपलं वाटतं. ते काढून टाका असं मी मुळीच म्हणणार नाही. पण नाही म्हणायची मोकळीक नसेल तर मुलाच्या होकारातून त्याचं प्रेम किती आणि भीती किती, हे शिक्षकालाही कळत नाही. शिवाय आज हा सगळा सोहळा मोबाइलसाठी होत चालला आहे. संध्याकाळपर्यंत फोटो अपलोड करा, उपस्थितीचा आकडा ग्रुपवर टाका. मग शिक्षकाचं लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवरून उडून रांगेच्या सरळपणावर जातं.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि बहुतेक गोष्टींना कुठल्याही जीआरची गरज नाही. नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ई. झेड. खोब्रागडे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना, २००५मध्ये, उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. राज्याने ते नंतर उचललं. ते वाचन आता नुसतं पाठांतर होऊ द्यायचं नसेल तर आठवड्याला एकच शब्दसमूह घ्या. ‘दर्जाची व संधीची समानता’ घेतली तर त्या आठवड्यात वर्ग कोण झाडतं, पाण्याच्या बाटल्या भरायला कुणाला पाठवतात, मंचावर कोण जातं याची यादी मुलांनीच फळ्यावर लिहावी. वाद होईल, होऊ द्या. त्या यादीनंतर १५ ऑगस्टची कामं चिठ्ठ्या टाकून वाटा. चार धर्मांचा देखावा बंद करून मुलांना झेंडा सत्याग्रह बसवू द्या. सराव वीस मिनिटांवर आणा, सावलीत घ्या, आधी खायला द्या.

एखादं मूल गाणार नसेल तर त्याला रांगेतून बाहेर काढू नका, घरी चिठ्ठी पाठवू नका, वर्गासमोर कारण विचारू नका. ते उभं आहे, तेवढं पुरे. पालकांपैकी कुणी तक्रार केली तर १९८६च्या निकालाची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर तयार असावी, आणि ती त्याआधी सगळ्या शिक्षकांनी एकदा वाचलेली असावी. सराव सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी तासभर बसलात तरी एवढं होतं.