जुन्या फ्रिजचा गॅस: ‘जड असतो, वर जात नाही’ हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय. जुना फ्रिज भंगारात देताना गॅसची चिंता नको म्हणे: तो हवेपेक्षा जड असतो, ओझोनपर्यंत पोहोचत नाही, असतो तोही मूठभर, फ्रिज थंड करेनासा झाला म्हणजे गॅस संपलेलाच असतो, शिवाय बंदी आली, ओझोनचं भोकही बुजलं. यावर विसंबून लोक दारातच नळी कापू देतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जड असतो.’ असतोच. जुन्या फ्रिजमधला गॅस म्हणजे आर-१२, क्लोरीन असलेल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंपैकी एक. त्याचा रेणू हवेच्या चौपट वजनाचा. बंद खोलीत गळला तर थोडा वेळ जमिनीलगत साचेलही. पण मोकळ्यावर वारा आणि तापलेल्या हवेचे झोत सगळं घुसळून टाकतात. हवेतलाच आर्गॉन वायूही हवेपेक्षा जड आहे. तो काही जमिनीवर थर धरून बसलेला नाही. आर-१२ पावसात धुऊन जात नाही, खालच्या हवेत कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळे शंभरेक वर्षं टिकतो आणि वर स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या हवेच्या वरच्या पट्ट्यात पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९७४मध्ये मांडलं, १९९५मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. फुग्यांतून आणलेल्या स्थितांबरातल्या हवेच्या नमुन्यांत हे वायू प्रत्यक्ष सापडलेले आहेत.

‘मूठभर असतो.’ घरगुती फ्रिजच्या नळ्यांत साधारण १०० ते २०० ग्रॅम. पण आर-१२ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट आहे. म्हणजे १०० ग्रॅम सुटला की सुमारे १,१०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. जवळजवळ पावणेपाचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं.

आणि मजकुरात फोमचा उल्लेखच नाही. त्या काळच्या फ्रिजच्या पत्र्याआडचा पिवळसर फोम सीएफसी-११ने (आर-१२च्याच जातीच्या वायूने) फुगवलेला असे, आणि त्यात नळ्यांपेक्षा जास्त वायू अडकलेला असतो. पत्र्यासाठी हातोड्याने फोम फोडला की हा वायू सुटू लागतो. फोम जाळला तर वर विषारी धूर. योग्य कारखान्यात फोम बंद कक्षात भरडून त्यातला वायू ओढून घेतात.

‘थंड होत नाही, म्हणजे गॅस संपला.’ गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कंप्रेसर सुरू करणारा रिले गेला, थर्मोस्टॅट बिघडला, मोटरचं वाइंडिंग जळलं किंवा कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) चोक झाली तरी थंडावा जातो आणि गॅस आतच राहतो. गळती होऊन बराच गेला असला तरी कंप्रेसरच्या तेलात थोडा मुरलेला असतो: नळी कापल्यावर ‘फुस्स’ आवाज थांबला तरी टोकाला तेल फेसाळत राहतं, ते त्यामुळेच.

‘बंदी आली, भोक बुजलं.’ भारतात सीएफसीचं उत्पादन २००८मध्ये थांबलं. बंदी नव्याने बनवण्यावर आहे. घराघरांत पडून असलेला साठा तसाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२च्या मूल्यमापनानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर १९८०च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल.

मग करायचं काय? आधी फ्रिजमागची किंवा कंप्रेसरवरची पट्टी वाचा. गॅसचं नाव आणि ग्रॅम तिथे असतात. आर-१२नंतरच्या फ्रिजमधला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे, म्हणजे तोही सोडायचा नाही. आर-६००ए (आयसोब्युटेन) ओझोन आणि तापमानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण पेट घेणारा: त्याला साधं रिकव्हरी मशीन (गॅस ओढून घेणारं यंत्र) लावू नये आणि तो जुन्या आर-१२च्या फ्रिजमध्ये भरूही नये, कारण थर्मोस्टॅटच्या ठिणगीने भडका उडू शकतो.

आर-१२ किंवा आर-१३४ए काढताना चार्जिंगच्या नळीवर पिअर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून जोडणी देणारी झडप) बसवतात, गेज (दाबमापक) लावून रिकव्हरी मशीनने गॅस वजनकाट्यावरच्या सिलिंडरमध्ये ओढतात. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. उन्हात द्रव फुगतो. मशीन बंद करून पाच मिनिटं गेजचा काटा पाहायचा. दाब पुन्हा चढला तर तेलातून गॅस निघतोय. कंप्रेसर कोमट करून परत ओढायचा. दोन गॅस एका सिलिंडरमध्ये मिसळले की शुद्ध करून पुन्हा वापरणं जवळजवळ अशक्य होतं.

ही साधनं नसलेल्या माणसाला नळीला हात लावू देऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे फ्रिज अख्खा द्या, कंप्रेसर आणि फोमसकट. तिथे आधी विचारा: गॅस कशात काढता, आणि फोमचं काय करता?