वडील जायचे तर एप्रिलात जावेत

विद्यार्थी मित्रहो, प्रवेशाच्या वेळी तुम्ही गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या चार झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे आठ फोटो घेऊन गेलात, चांगलं केलंत. पण पुढच्या तीन वर्षांत तुमच्यावर कोणतं संकट, कोणत्या महिन्यात कोसळणार, याचं काही नियोजन केलंत का? नाही ना? मग उद्या 'आपत्कालीन सहायता निधी' मिळाला नाही म्हणून गळा काढू नका. निधी आहे. माहितीपुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर आहे, आणि कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची तपासणी असते त्या आठवड्यात तर हमखास असतो.

मला या विषयातला जाणकार समजायला हरकत नाही. गेल्या दोन महिन्यांत भाच्यापायी मी एका कॉलेजच्या खिडकी क्रमांक तीनवर इतके हेलपाटे मारलेत की तिथला शिपाई आता मला चहाचं विचारतो. भाचा टीवायबीएस्सीला आहे. दाजी ऑगस्टात गेले. भाड्याचा टेम्पो चालवायचे. रात्री मार्केट यार्डात कांदा उतरवून घरी आले, छातीत कळ येतेय म्हणाले, आणि तालुक्याला नेईपर्यंत संपलं होतं. इकडे पोराची मेस दोन महिने थकली, परीक्षेचा फॉर्म तोंडावर. मागायचे किती, तर पाच हजार.

तर पहिली गोष्ट मुहूर्ताची. आपत्कालीन मदतीला उत्पन्नाचा दाखला लागतो. आपत्ती या आठवड्यातली आणि दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा. दाजी मागच्या वर्षी जिवंत होते. नुसते जिवंत असते तरी चाललं असतं, ते कमवतही होते. दाखल्यावर आकडा आला १,०८,०००. निधीची मर्यादा १,००,०००. म्हणजे माझा भाचा आठ हजारांनी श्रीमंत निघाला. मी म्हटलं, "अहो, मृत्यूचा दाखला जोडलाय ना." खिडकीतले साहेब म्हणाले, "जोडलाय हो, पण उत्पन्न तर दिसतंय ना इथं." माणूस गेला, उत्पन्न हयात आहे. म्हणून सांगतो, वडील जायचेच असतील तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जावेत, म्हणजे अख्खं आर्थिक वर्ष कोरं मिळतं. त्या वर्षाचा दाखला अर्थात पुढच्या एप्रिलात निघेल. तोवर तुम्ही जेवणाचं बघा.

आणि हा दाखला काढण्याचं काय सांगू! लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा, दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची. हे दोन्ही सेतू केंद्राच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे. त्या फ्रेमखाली माझी बहीण चार वेळा बसून आली. सर्व्हर डाऊन. मग तलाठ्याचा अहवाल पाहिजे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव बदललं, मंगळवार बदलला नाही. तीन गावं एका माणसाकडे, आपल्या गावात तो मंगळवारीच, आणि पहिल्या मंगळवारी तो मोजणीला. दुसऱ्या मंगळवारी भेटला, चांगला बोलला, म्हणाला, "ताई, एक लाखाच्या खाली लिहून देऊ का?" आणि माझ्या बहिणीनं, त्या बावळट बाईनं, सांगितलं, "नको, ते जेवढे आणायचे तेवढेच लिहा." (नवऱ्याचा मान राखला. किंमत पाच हजार.) बरं, गरिबीचं मोजमाप तरी एक असावं! राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला आठ लाखांपर्यंतचं घर चालतं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. आणि बाप मेलेल्या पोराला तातडीनं पाच हजार द्यायचे तर एक लाख! हा आकडा कुणी, कधी ठरवला? मी विचारलं. "पहिल्यापासून आहे," म्हणाले. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? मेसचा डबा आठशे रुपयांत येत होता तेव्हापासून? त्यानंतर फी वाढली, परीक्षेचं शुल्क वाढलं, विलंब शुल्क वाढलं, एवढी एक मर्यादाच कशी काय व्रतस्थ राहिली?

असो. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं.

आधार बँकेला जोडलंय का, हे विचारत बसू नका. जोडलेलं नसतं.

ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो, तेव्हा वडिलांच्या माघारी त्यांच्या मोबाइलला रिचार्ज मारत राहा. माझी बहीण मारते.

प्रतिज्ञापत्र मात्र बॉण्डवरच करा. आपण खरोखर संकटात आहोत, हे संकट आपण हौसेनं ओढवून घेतलेलं नाही, असं त्यात लिहायचं असतं. शंभराचा बॉण्ड ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला, आता पाचशेचा. म्हणजे पाच हजार मागायच्या आधी दहा टक्के भरून ठेवायचे. जिथं कायद्यानं सक्ती नाही तिथं प्रतिज्ञापत्र मागू नका, साधं स्वयंघोषणापत्र घ्या, असं शासनानं २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. मी मोठ्या हुशारीनं तो जीआर छापून नेला. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. "हा शासनाचा आहे. आमचा नाही."

आता मूळ अर्जाकडे वळू. हा अर्ज झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असतो, त्यामुळे डावीकडचं एक अक्षर कापलेलं आणि सगळ्या ओळी किंचित उताराला लागलेल्या. आमच्या अर्जात तेरावा रकाना होता. 'संकटाचे स्वरूप (थोडक्यात)'. पुढे दीड इंच जागा. भाच्यानं तिथं लिहिलं, 'वडील वारले.' बसलं बरोबर. आणि खाली, ठिपक्यांच्या रेघेखाली, ठळक अक्षरात, 'अर्जदाराच्या वडिलांची स्वाक्षरी (अनिवार्य)'.

मी म्हटलं, आईची घेतो. म्हणाले, नमुन्यात वडील आहे. मी म्हटलं, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात सरकारनं आईचं नाव घालायला लावलंय. ते म्हणाले, "मग तुमचा भाचा नंतर जन्मला का?" याला उत्तर नव्हतं. भाच्याची जन्माची तारीखही चुकलीच.

विद्यापीठात जाऊन बघा असा सल्ला कुणी दिला तर जरूर जा, कॅम्पस हिरवागार असतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे, त्याची पाटीही आहे. पाटीखालचे गृहस्थ म्हणतात, कॉलेजची शिफारस आणा. कॉलेज म्हणतं, विद्यापीठाचं पत्र आणा.

'कमवा आणि शिका'त नाव घाला, असंही सुचवण्यात आलं. योजना सोन्यासारखी आहे. यादी जुलैत भरली. दाजी ऑगस्टात गेले. पुन्हा मुहूर्ताचाच घोळ!

खिडकीच्या मागे भिंतीवर कर्मवीर अण्णांची तसबीर आहे, हार प्लास्टिकचा. साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांचा शिधा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतोय. दर जयंतीला हे साहेबही ती ऐकतात, कारण ध्वनिक्षेपक त्यांच्याच खिडकीवर बांधलेला असतो. त्या दिवशी लक्ष्मीबाईंनी किती पोरांच्या वडिलांच्या सह्या घेतल्या होत्या, याची नोंद मला अजून सापडलेली नाही. सापडली की अर्जाला जोडतो.

आणि आता तुम्ही विचाराल, मग तातडीनं पैसे कुणी देतच नाही का? देतं ना! सहा मिनिटांत देतं. आधारचा फोटो, एक सेल्फी, आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना परवानगी. वडिलांची सही नको, तलाठी नको, मंगळवार नको. फॉर्मची शेवटची तारीख होती त्या रात्री साडेअकराला माझ्या भाच्यानं एका ॲपवर पाच हजार मागितले. हातात आले तीन हजार दोनशे, सात दिवसांत फेडायचे पाच हजार. फोनमधले नंबर उचलायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच बंदी घातलीय, पण त्या ॲपचंही म्हणणं बहुधा 'हा आमचा नाही' असंच असावं. मला हे कधी कळलं? आठव्या दिवशी. ऑफिसात जेवत होतो. अनोळखी नंबर, हिंदीत बोलणारा कुणीतरी, "आपका भांजा चोर है." माझ्यानंतर त्यानं मेसच्या काकूंना फोन केला. मग प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या मुलींना. मग माझ्या बहिणीला, जिला हिंदी धड समजत नाही, एवढंच समजलं की पोराला काहीतरी झालंय. ती तशीच रात्रीच्या एसटीनं पुण्याला आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

त्या चपला बघितल्यापासून मला हा लेख गमतीत लिहिता येत नाहीये. प्रयत्न केला.

अहो खिडकीतले साहेब, आणि तुमच्या वर बसलेले, आणि ज्यांची समिती तीन महिन्यांतून एकदा बसते आणि गणपूर्तीअभावी उठते ते सगळे, जरा भाच्याची फीची पावती काढून बघा. त्यात छापलंय, 'विद्यार्थी कल्याण निधी'. त्याखाली, 'आपत्ती व्यवस्थापन'. तीन वर्षं, दर वर्षी, घेतलेत ना? एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्कासकट घेतलेत. ते घेताना त्याच्या बापाचा उत्पन्नाचा दाखला मागितला होतात का? बापाची सही मागितली होतीत? तो पैसा तुमचा नाही. पोरांनीच पोरांसाठी साठवलेला आहे, तुम्ही फक्त किल्ली सांभाळताय. आणि आता म्हणे गॅदरिंगला वाटप करू, प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली की. पुठ्ठ्याचा चेक, पांढरा शर्ट घालून यावे, सोबत पालक असावेत. कोणते पालक आणू?

मेसच्या काकूंनी दोन महिने वहीत नुसतं नाव लिहून त्याला जेवू घातलं. बॉटनीच्या सरांनी खिशातून दोन हजार काढून दिले आणि कुणाला सांगू नको म्हणाले, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. या दोघांना समिती लागली नाही. तुम्हाला अकरा जणांची लागते, आणि त्या अकरांपैकी एकालाही तो अर्ज एकदा वाचून बघावासा वाटला नाही? लाज नाही वाटत? एका ओळीत 'वडील' खोडून 'पालक' लिहायचं आहे. एक लाखाची मर्यादा आधी खोडा, मग ती ओळ खोडा, आणि ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला मृत्यूच्या दाखल्यावर त्याच आठवड्यात पैसे द्या. चौकशी नंतर करा, वाटेल तेवढी करा, पोरगं कुठं पळून जात नाही, त्याची मूळ गुणपत्रिका तुमच्याच कपाटात आहे. तीही ठेवून घ्यायची नसते, पण ते पुढच्या खेपेला बोलू.

सोमवारी येतोय. पेन मी आणतो.